संगणकाचा पंखा : उजेड पाहावा की वारा?

गेल्या मे महिन्यातील गोष्ट. एम. ए.च्या एका विद्यार्थ्याचा साठ पानांचा प्रबंध मी टंकित करून देत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो विभागात सादर व्हायचा होता. दुपारी तीनच्या सुमारास, छायाचित्रे लावून पाने जुळवीत असताना, त्रेचाळिसाव्या पानावर माझ्या संगणकाने मान टाकली. पुन्हा सुरू केला. पाच मिनिटांत पुन्हा बंद. शेवटची सहा पाने जतन केलेली नव्हती, ती गेली. अखेर रात्री अकरानंतर, हवा थोडी निवल्यावर, तो कसाबसा चालू राहिला आणि पहाटे चार वाजता काम हातावेगळे झाले. त्या रात्री मी ठरविले की, या यंत्राला नेमके काय होते ते आपण समजून घ्यायचेच. प्रस्तुत लेख म्हणजे त्या खटाटोपाची हकीकत आहे. मी कला शाखेचा विद्यार्थी. तेव्हा तांत्रिक भाषेची भीती वाचकांनी बाळगू नये. ती मलाही होतीच.

थोडे घरचे सांगितले पाहिजे, कारण पंख्याची निवड घर पाहून करावी लागते हे मला उशिरा कळले. आम्ही वाळूज औद्योगिक वसाहतीजवळ रांजणगाव शेणपुंजीला एका पत्र्याच्या खोलीत राहतो. अण्णा कंपनीत यंत्रावर काम करतात. महिन्यातून किमान एक आठवडा त्यांची रात्रपाळी असते आणि मग ते दिवसा त्याच खोलीत झोपतात. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. फीचा आणि पुस्तकांचा खर्च मी टंकलेखनातून काढतो. त्यासाठी एका कार्यालयाने मोडीत काढलेला जुना संगणक अण्णांनी उचल घेऊन मला आणून दिला. तो बंद पडला तर माझे काम थांबते, आणि तो फार गुरगुरला तर अण्णांची झोप मोडते. या दोहोंच्या मध्ये मला पंखा शोधायचा होता.

पहिली खरेदी

विज्ञान महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या मित्राने यंत्र उघडून पाहिले आणि सांगितले की, आतली उष्णता बाहेर जात नाही. कॅबिनेटला पंखे बसव. मी औरंगपुरा, कॅनॉट असे करीत शहरातील चार-पाच दुकाने पालथी घातली. सगळीकडे एकच देखावा. काचेच्या पेट्यांत पंखे फिरताहेत, आणि त्यांतून तांबडा, हिरवा, निळा, जांभळा असे रंग कारंज्यासारखे उडताहेत. यांनाच आरजीबी पंखे म्हणतात. रेड, ग्रीन, ब्लू या तीन इंग्रजी शब्दांची ही आद्याक्षरे. एका दुकानदाराने तीन पंख्यांचा संच पुढे केला. “दादा, हजाराच्या आत तीन पंखे, वर रिमोट. डबा कसा चमकेल बघा!” मी बघितले आणि घेतला. वाऱ्याविषयी मी एकही प्रश्न विचारला नाही, हे आज कबूल करतो.

घरी येऊन दोन पंखे पुढे बसविले आणि एक मागे. माझ्या कॅबिनेटला काच नाही, सगळीकडे पत्रा. मागच्या पंख्याचा उजेड पत्र्याआड वाया जाईल म्हणून मी त्याचे तोंड बाहेर केले. रात्री दिवा मालवून यंत्र सुरू केले तेव्हा धाकटी बहीण टाळ्या पिटू लागली. आमच्या खोलीत दिवाळी उतरली होती.

मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी तपमान पाहिले तर निराशा झाली. खोलीत ३९ अंश होते. पूर्वी जड काम दिले की प्रोसेसर ९३ अंशांवर जाई; तीन पंखे बसवूनही तो ९० वर होता. हजार रुपयांत तीन अंश!

उफणणीचा नियम

या कोड्याचा उलगडा मित्राने नव्हे, अण्णांनी केला. पाळीवरून आले, चहा घेता घेता त्यांनी यंत्राच्या पुढे हात धरला, मागे हात धरला. मग देवापुढची उदबत्ती आणून मागच्या जाळीजवळ धरली. धूर आत ओढला गेला. ते म्हणाले, “गावी उफणताना वारा एका अंगानं येतो अन् भूस घेऊन दुसऱ्या अंगानं जातो. तुझ्या डब्यात वारा दोन्हीकडून आत शिरतोय. मग भूस जाईल कुठं?”

संगणकाच्या शीतनाचे सारे शास्त्र या एका वाक्यात आहे. प्रत्येक पंख्याला दोन बाजू असतात. ज्या बाजूने पाती मोकळी दिसतात तिकडून हवा आत ओढली जाते; ज्या बाजूला मोटार धरून ठेवणाऱ्या आडव्या काड्या असतात तिकडून ती बाहेर पडते. काही पंख्यांच्या चौकटीवर बाण कोरलेला असतो. हवा पुढून आत यावी आणि मागून किंवा वरून बाहेर जावी, असा सर्वसाधारण नियम आहे. मी उजेड दिसावा म्हणून मागचा पंखा उलटा बसविला होता. त्यामुळे बाहेर जाणारी गरम हवा पुन्हा आत ढकलली जात होती. पंखा सुलटा केला, पुढच्या जाळीत साचलेला धुळीचा थर ब्रशने काढला. त्याच दुपारी त्याच कामाला प्रोसेसर ८१ अंशांवर थांबला. नऊ अंशांचा हा फरक एका पैशाचीही खरेदी न करता पडला.

किती वारा पुरेसा?

पंख्याच्या खोक्यावर ‘सीएफएम’ असा एक आकडा असतो. पंखा दर मिनिटाला किती घनफूट हवा हलवितो हे तो सांगतो. पण आपल्याला किती हवा लागते? मित्राने वहीच्या पानावर करून दाखविलेला हिशेब येथे देतो.

समजा, यंत्र १५० वॅट उष्णता टाकते. म्हणजे सेकंदाला १५० जूल. एक किलो हवा एक अंशाने तापविण्यास सुमारे १,००० जूल लागतात. आपल्याकडच्या उन्हाळी हवेचा एक घनमीटर साधारण एक किलो भरतो असे धरू. आत शिरणाऱ्या हवेपेक्षा बाहेर पडणारी हवा दहा अंशांनीच अधिक तापलेली असावी असे ठरविले, तर दर सेकंदाला ०.०१५ घनमीटर, म्हणजे मिनिटाला ०.९ घनमीटर हवा हवी. घनफुटांत हे सुमारे ३२ होतात. १२० मिलिमीटरच्या साध्या पंख्यावर सामान्यतः ४० ते ६० घनफुटांचा आकडा छापलेला असतो. याचा अर्थ असा की, माझ्यासारख्याच्या यंत्राला कागदावर एक चांगला पंखाही पुरतो. सहा पंख्यांची आरास लागत नाही.

‘कागदावर’ हा शब्द मात्र महत्त्वाचा. तो आकडा मोकळ्या हवेतला असतो. पुढे जाळी, धूळगाळणी किंवा बंद काच आली की हवेला अडथळा होतो आणि प्रत्यक्ष वारा पुष्कळ घटतो. अडथळ्यातून हवा ढकलण्याची ताकद निराळ्या आकड्याने सांगतात. तिला स्थिर दाब म्हणतात आणि ती पाण्याच्या मिलिमीटरांत मोजतात. उदाहरणार्थ, आर्क्टिक कंपनीच्या पी-१२ या लोकप्रिय पंख्याला १,८०० फेऱ्यांना ५६.३ घनफूट हवा आणि २.२ मिलिमीटर दाब असे आकडे दिलेले आहेत. स्वस्त पंख्यांच्या खोक्यांवर दिव्यांचे सोळा प्रकार लिहिलेले आढळतात, पण दाबाचा आकडा बहुधा गाळलेला असतो. जो आकडा छापायचे टाळले जाते, त्याविषयी आपण आधी विचारावे.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. पंखा हवा थंड करीत नाही. तो फक्त हवा बदलतो. कितीही पंखे लावले तरी यंत्र खोलीपेक्षा थंड होत नाही. माझ्या यंत्रावर एकच काम दुपारी ३९ अंशांत आणि रात्री ३१ अंशांत करून पाहिले. प्रोसेसरच्या तपमानातही जवळपास तेवढाच, सात-आठ अंशांचा फरक पडला. आपल्या शहरातील पाणचक्कीला जाऊन यावे. तिथल्या मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे, आणि भर उन्हाळ्यातही त्या दालनात गारवा असतो. बांधणाऱ्यांनी आधी जागाच थंड केली. आपल्यालाही यंत्र खिडकीच्या उन्हातून हलविणे, भिंतीपासून वीतभर दूर ठेवणे आणि जमिनीच्या धुळीतून उचलून टेबलावर घेणे, या गोष्टी पंख्याआधी करता येतात.

आवाज आणि आयुष्य

माझ्या पहिल्या संचाचा दुसरा दोष आठवड्यात कळला. हे पंखे पॉवर सप्लायच्या मोठ्या चार पिनांच्या जुन्या जोडणीला थेट लावायचे होते. म्हणजे काम असो वा नसो, तिन्ही पूर्ण वेगाने फिरणार. अण्णा कुशीवर वळत, उशी कानावर घेत, पण बोलत नसत. शेवटी मीच दुपारचे काम बंद ठेवू लागलो. ज्या यंत्रासाठी पंखे आणले, ते यंत्र पंख्यांमुळेच बंद राहू लागले!

पंख्याचा वेग आणि आवाज यांचे नाते जाणून घेण्यासारखे आहे. वेग निम्मा केला तर वारा साधारण निम्मा होतो. आवाज मात्र सुमारे १५ डेसिबलने उतरतो. आणि दहा डेसिबल उतरले की कानाला तो जवळजवळ निम्मा वाटतो. तेव्हा एक पंखा जोरात फिरविण्यापेक्षा दोन पंखे सावकाश फिरविणे केव्हाही शहाणपणाचे. त्यासाठी पंख्याचा वेग कमीजास्त करता आला पाहिजे. तीन पिनांच्या पंख्याचा वेग विजेचा दाब कमी करून उतरविता येतो. चार पिनांच्या पंख्यात चौथी पिन खास वेगाच्या आज्ञेसाठी असते. मदरबोर्ड तपमान पाहून तिच्यातून वेग ठरवितो. आमच्यासारख्या एका खोलीच्या घरात ही चौथी पिन मला सर्व रंगांपेक्षा मोलाची वाटते.

तीन महिन्यांत मागचा पंखा खरखरू लागला. मी धूळ पुसली, स्क्रू आवळले. अण्णांनी कान लावून ऐकले आणि म्हणाले, “बेअरिंग सुकलंय.” कारखान्यात पंधरा वर्षे यंत्रे ऐकलेला कान तो! स्वस्त पंख्यांत बहुधा स्लीव्ह प्रकारचे बेअरिंग असते. यात धातूच्या नळीत तेलावर आस फिरतो. उष्णतेने तेल आटते, आस घासू लागतो आणि पंखा आधी कुरकुरतो, मग थांबतो. असा पंखा कॅबिनेटच्या छताला आडवा बसविला तर तो आणखी लवकर झिजतो. बॉल बेअरिंग उष्णता चांगली सोसते, पण थोडे वाजते. रायफल प्रकारात आसावर खाचा असतात आणि त्या तेल फिरते ठेवतात. द्रव बेअरिंगमध्ये तेलाच्या पातळ थरावर आस तरंगत राहतो; ते शांत असते आणि टिकतेही. खोक्यावर ‘४०,००० तास’ असे आयुष्य लिहिलेले असेल तर रोजच्या आठ तासांनी तेरा वर्षे होतात. पण तो आकडा कोणत्या तपमानाचा आहे हे विचारावे. थंड प्रयोगशाळेतील तेरा वर्षे आणि पत्र्याखालची तेरा वर्षे यांत अंतर आहे. हमी किती वर्षांची हा प्रश्न त्याहून सरळ.

रंगांची गोष्ट

येथवर वाचून कोणास वाटेल की मी उजेडाचा शत्रू आहे. तसे नाही. या रंगांमागे मोठी साधना आहे. तांबडा दृश्य प्रकाश देणारा एलईडी १९६२ साली निक होलोन्याक यांनी बनविला. पुढे हिरवाही आला; परंतु निळा काही केल्या हाती लागेना, आणि निळ्यावाचून सर्व रंग जुळत नाहीत. जपानमध्ये जन्मलेल्या इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांनी तेजस्वी निळा एलईडी साध्य केला. त्याबद्दल त्यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज पंख्यातल्या एका दिव्यात तीन रंगांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या असतात. त्यांचा गुणाकार १ कोटी ६७ लाखांवर जातो. इतक्या छटा पाहायला आपल्याकडे डोळे नाहीत, पण त्या तिथे आहेत खऱ्या.

खरेदी करताना दिव्यांच्या जोडणीत मात्र सावध राहावे. दिव्यांची वायर पंख्याच्या वायरीहून वेगळी असते आणि तिचे दोन प्रकार आहेत. सर्व दिवे एकाच रंगात पेटणाऱ्या साध्या आरजीबीला चार पिना आणि १२ व्होल्ट लागतात. प्रत्येक दिवा निराळा रंग धरणाऱ्या एआरजीबीला तीन पिना आणि ५ व्होल्ट. पाच व्होल्टची वायर चुकून बारा व्होल्टवर लावली की दिवे कायमचे जळतात. तेव्हा आपल्या मदरबोर्डवर कोणती सोय आहे ते आधी पाहून, कागदावर लिहून मगच दुकानात जावे. काही संचांची जोडणी त्या कंपनीपुरतीच असते. तीनपैकी एक पंखा गेला तर त्या जागी दुसऱ्याचा पंखा लागत नाही, आणि पुन्हा सगळा संच घ्यावा लागतो. माझे तसेच झाले.

एवढे मात्र खरे की, दिव्याने वारा एका घनफुटानेही वाढत नाही. पंख्यांच्या जगात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते ती ऑस्ट्रियाची नॉक्टुआ कंपनी प्रसिद्ध आहे ती बदामी-तपकिरी, बिनदिव्याच्या पंख्यांसाठी. स्वस्त पंख्याची किंमत ठरलेली असते. तेवढ्यात दिवेही बसवायचे, रिमोटही द्यायचा, तर काटकसर कुठे होणार? जे दिसत नाही तिथे; म्हणजे बेअरिंगमध्ये आणि मोटारीत.

दुसरी खरेदी

दिवाळीत टंकलेखनाचे पैसे साठले तेव्हा मी पुन्हा शहरात गेलो. या वेळी खिशात चिठ्ठी होती. १२० मिलिमीटर, चार पिना, द्रव बेअरिंग, दाबाचा आकडा, हमी किती. दुकानदाराने चिठ्ठी वाचली आणि वरच्या फळीवरून एक काळा, बिनदिव्याचा पंखा काढला. पहिला संपूर्ण संच जेवढ्याला पडला होता, त्याच्या जवळपास या एकट्याची किंमत. मन कचरले, पण घेतला. तो मागे बसविला. पुढच्या जुन्या दोन पंख्यांपैकी एक काढून ठेवला, एक तसाच ठेवला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ब्रशने धूळ काढतो. त्या वेळी पाती बोटाने धरून ठेवतो, म्हणजे ती भरकन फिरून बेअरिंग दुखावत नाही.

पुढचा पंखा का ठेवला, हे बहिणीला विचारावे. तो काढू लागलो तेव्हा ती म्हणाली, “भैया, एक तरी राहू दे ना.” आमच्या खोलीत शोभेच्या वस्तू फारशा नाहीत. संध्याकाळी ती त्याच्या जांभळ्या उजेडात पाढे म्हणते. आनंदालाही घरात काही जागा असावी. फक्त त्या आनंदाला आपण वारा समजू नये.

यंदाच्या एप्रिलमध्ये पुन्हा एक प्रबंध आला. दुपारची वेळ, अण्णांची रात्रपाळी चालू होती. मी टंकित करीत होतो आणि तीन हातांवर अण्णा गाढ झोपले होते. यंत्राला काळजी वाटली की मागचा पंखा थोडा वेग घेई, मग पुन्हा शांत होई. संपूर्ण प्रबंध एका बैठकीत पुरा झाला.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी आता जुना-नवा संगणक आहे, किंवा लवकरच येईल. पंखा घ्यायला दुकानात गेलात तर पुढचा उजेड जरूर पाहा, तो पाहण्यासारखाच असतो. पण पैसे मोजण्यापूर्वी पंख्याच्या मागे हात धरा आणि वारा लागतो का ते पाहा. मग क्षणभर दुकानातला गलबला विसरून कान लावा. तेवढी परीक्षा करायला विज्ञान शाखेत असावे लागत नाही.